गाडी धुताना आधी आतून की बाहेरून?

बोईसरहून तारापूर एमआयडीसीत रोज ये-जा करणाऱ्या गाडीवर एरवी धूळ बसते, पावसाळ्यात चिखल. सफाईचा क्रमही त्यावरूनच ठरतो.

कोरड्या दिवसांत सुरुवात आतून करावी. मॅट झटकल्या, कॉम्प्रेसरने सीटखालची हवा मारली की धूळ दारांवर आणि बॉनेटवर येते. गाडी बाहेरून आधीच धुतली असेल, तर ही धूळ ओल्या पत्र्याला चिकटते आणि पुसताना तिचे कण रंगावर बारीक ओरखडे पाडतात. धूळ पुन्हा धुता येते, ओरखड्यांना मात्र पॉलिशच लागतं, आणि ते काही स्वस्त नाही.

पावसाळ्यात चाकांवरचा, दारांच्या खालच्या कडांवरचा चिखल आधी पाण्याच्या प्रेशरने काढावा. नाहीतर आत वाकून काम करताना तो कपड्यांना लागून सीटवर जातो. मग आतली सफाई, त्यानंतर बाहेरून शॅम्पू. काचा आतून सगळ्यात शेवटी पुसाव्यात, कारण डॅशबोर्डच्या पॉलिशचे शिंतोडे त्यांच्यावरच उडतात.