सेकंदाला एक रुपया

सातारला छत्रपती शाहूंचा राज्याभिषेक झाला त्या १७०८ सालात कुणी सेकंदाला एक रुपया या हिशेबाने, रात्रंदिवस न थांबता, पैसे मोजायला बसलं असतं, तर २०२५ साली त्याचे एक हजार कोटी मोजून झाले असते. पहिला लाख एक दिवस आणि पावणेचार तासांत संपतो. कोटीला ११६ दिवस लागतात. हजार कोटींना मात्र ३१७ वर्षं. लाख, कोटी, हजार कोटी हे शब्द आपण एका दमात उच्चारतो, त्यामुळे त्यांच्यातलं अंतर कानाला जाणवत नाही. दिवाळखोरीच्या कायद्यात तर त्या अंतरावरच माणसांची घरं चालतात किंवा बुडतात. म्हणून ही सेकंदाची मोजपट्टी मी हातातून सोडणार नाही. वकिलांना ती परकी वाटू नये. त्यांचा सगळा व्यवसाय मुदतीवर, म्हणजे वेळेवरच, उभा असतो.

सुरुवात व्हिडिओकॉनपासून करतो, कारण मराठवाड्यात या नावाशी हजारो घरांचा पगार बांधलेला होता. पैठण रोडवरच्या चितेगावच्या कारखान्यातून टीव्ही, फ्रीज, वॉशिंग मशीन देशभर जायचे. या समूहातल्या १३ कंपन्यांची दिवाळखोरीची प्रकरणं एकत्र करून राष्ट्रीय कंपनी कायदा लवादाच्या, म्हणजे एनसीएलटीच्या, मुंबई खंडपीठापुढे चालवली गेली. धनकोंचे मान्य झालेले दावे होते सुमारे ६४,८३८ कोटी रुपयांचे. आपल्या मोजपट्टीवर ही साडेवीस हजार वर्षं होतात, म्हणजे शेवटचं हिमयुग ऐन भरात होतं तिथपर्यंत मागे जावं लागतं. कंपन्या घेण्यासाठी वेदांत समूहाच्या ट्विन स्टारने आपल्या आराखड्यात, म्हणजे रिझोल्यूशन प्लॅनमध्ये, देऊ केलेली रक्कम २,९६२ कोटी. ही ९३८ वर्षं. कल्याणीच्या चालुक्यांच्या सहाव्या विक्रमादित्याच्या कारकिर्दीपाशी मोजणी सुरू केली तर आज संपेल. रुपयाला पाच पैसेही नाहीत, आणि त्यातलाही मोठा भाग रोखीत नव्हे, रोख्यांच्या रूपात, पुढच्या तारखांना द्यायचा. धनकोंच्या समितीने, म्हणजे सीओसीने, हा आराखडा ९५.०९ टक्के मतांनी मंजूर केला होता.

जून २०२१ मध्ये एनसीएलटीने आराखड्याला मंजुरी दिली, पण आदेशात अस्वस्थता लपवली नाही. कंपन्यांचं अवसायन मूल्य, म्हणजे मोडीत काढल्या तर येणारे पैसे, २,५६८ कोटी ठरलं होतं. हा आकडा बोली लावणाऱ्यापासून गुप्त ठेवायचा असतो. तरीही बोली त्याच्या इतकी जवळ कशी आली, हे नियामकाने तपासावं असं लवादाने सुचवलं. पुढे जानेवारी २०२२ मध्ये अपिलीय लवादाने ही मंजुरी रद्द करून प्रकरण सीओसीकडे परत पाठवलं.

या प्रकरणातला मला सगळ्यात हलवून टाकणारा आकडा मात्र हजार कोटींचा नाही. तो ०.७२ टक्क्यांचा आहे. माल किंवा सेवा पुरवून ज्यांचे पैसे अडकले त्या ऑपरेशनल क्रेडिटर्सना त्या आराखड्यात इतकंच मिळणार होतं. समजा, वाळूजच्या एमआयडीसीत एक लघुउद्योजक आहे. दोन मोल्डिंग मशीन, आठ कामगार, बँकेची कॅश क्रेडिट. मोठ्या कंपनीला प्लास्टिकचे सुटे भाग पुरवून त्याचे दहा लाख येणं आहे. मोजपट्टीवर दहा लाख म्हणजे साडेअकरा दिवस. त्याच्या हाती पडणार ७,२०० रुपये, म्हणजे बरोबर दोन तास. त्याने कच्चा माल उधारीवर उचललेला असतो, जीएसटी आपल्या खिशातून भरलेला असतो, आणि त्याचं बँकेचं व्याज कुठल्याही लवादाच्या आदेशाने थांबत नाही. बँकेला ९५ टक्के सोडून देणं परवडतं असं मी म्हणत नाही, तो पैसाही ठेवीदारांचाच आहे. पण बँक दुसऱ्या दिवशी सकाळी शटर उघडते. वाळूजचा माणूस उघडू शकेलच असं नाही.

आता देशाचा आकडा. डिसेंबर २०१६ मध्ये नादारी व दिवाळखोरी संहितेची कॉर्पोरेट प्रक्रिया सुरू झाली. तेव्हापासून मार्च २०२५ पर्यंत ८,३०८ कंपन्या दाखल झाल्या, १,१९४ कंपन्यांचे आराखडे मंजूर झाले आणि धनकोंना त्यातून ३.८९ लाख कोटी रुपये मिळाले. आपल्या मोजपट्टीवर सव्वा लाख वर्षांच्या आसपास. हे यश की अपयश, हा वाद रोज चालतो आणि दोन्ही बाजूंचे वकील खरेच आकडे सांगत असतात. मान्य दाव्यांशी तुलना केली तर वसुली सुमारे ३३ टक्के. अवसायन मूल्याशी केली तर सुमारे १७० टक्के. अंश तोच, छेद बदलला. कंपनी लवादाच्या दारात आली तेव्हाच तिच्यातला बराचसा जीव गेलेला असतो, हे दुसरा आकडा सांगतो. धनकोच्या वहीत किती भोक पडलं, हे पहिला. लेखी युक्तिवादात यातला एकच आकडा वाचायला मिळाला, तर दुसरा स्वतः काढून बघावा.

याहून मोठा आकडा संहितेच्या बाहेर घडला आहे. अर्ज दाखल झाला, पण लवादाने तो स्वीकारण्याआधीच मिटवून मागे घेतला, अशी प्रकरणं ३० हजारांवर गेली आणि त्यांमागची थकबाकी १३ लाख कोटींहून जास्त होती. चार लाख वर्षं! ही थकबाकीची रक्कम आहे, हातात पडलेल्या पैशांची नव्हे, एवढी सावधगिरी इथे हवी. तरीही कंपनी आपल्या ताब्यातून जाईल या नुसत्या भीतीने प्रवर्तक धनकोंशी बोलायला बसले, हे या कायद्याचं सर्वांत मोठं काम आहे असं माझं मत आहे.

दार किती उंच असावं, हाही आकड्यांचाच प्रश्न. मुंबईत व्यक्तीच्या दिवाळखोरीला आजही १९०९ चा प्रेसिडेन्सी टाउन्स इन्सॉल्व्हन्सी कायदा लागू होतो. त्याच्या मूळ तरतुदीत धनकोला अर्ज करायला ५०० रुपयांचं येणं पुरे होतं. मोजपट्टीवर सव्वाआठ मिनिटं. संहितेने कंपन्यांसाठी एक लाखाचा उंबरा ठेवला. २४ मार्च २०२० रोजी, टाळेबंदीच्या तोंडावर, तो एका अधिसूचनेने एक कोटी झाला. सव्वा दिवसाचं येणं असलेला माणूस आत जात होता, त्याला आता ११६ दिवसांचं दाखवावं लागतं. कोविडमध्ये बुडणाऱ्या कंपन्या वाचवण्यासाठी हे केलं गेलं, पण कोविड ओसरल्यावरही उंबरा तसाच राहिला. वाळूजचा आपला दहा लाखांचा माणूस स्वतःहून लवादात जाऊच शकत नाही. दुसऱ्या कुणी मोठ्याने अर्ज केला, तर त्याच्या मागे दावा लावून उभं राहणं एवढंच त्याच्या हाती उरतं.

संहितेखाली पहिली दाखल झालेली कंपनी पुण्याची होती, इनोव्हेंटिव्ह इंडस्ट्रीज. तारीख १७ जानेवारी २०१७. महाराष्ट्राच्या १९५८ च्या रिलीफ अंडरटेकिंग कायद्याने आपली देणी स्थगित आहेत, असा तिचा बचाव होता. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी ३१ ऑगस्टला तो फेटाळला आणि राज्याच्या कायद्यावर संहिता वरचढ ठरली. २०२२ मध्ये पुन्हा महाराष्ट्राचीच कंपनी, बुटीबोरीला वीजप्रकल्प असलेली विदर्भ इंडस्ट्रीज पॉवर. तिचं १,७३० कोटींचं येणं वीजदराच्या वादात अडकलेलं होतं आणि ॲक्सिस बँकेचं देणं सुमारे ५५३ कोटींचं. येणं देण्याच्या तिप्पट असताना कंपनीला दिवाळखोरीत ढकलायलाच हवं का? कलम ७ मध्ये लवाद अर्ज दाखल करून घेऊ 'शकेल' असं आहे, 'घेईलच' असं नाही, म्हणून लवादाला विचार करायला जागा आहे, असा निकाल आला. देशभरच्या कर्जदार कंपन्यांनी तो निकाल फाइलला जोडायला सुरुवात केली. वर्षभरात न्यायालयालाच सांगावं लागलं की तो त्या प्रकरणाच्या वस्तुस्थितीपुरता होता. १२ ऑगस्ट २०२५ रोजी लोकसभेत मांडलेल्या दुरुस्ती विधेयकाने ही जागाच बुजवायचं ठरवलं: थकबाकी सिद्ध झाली की अर्ज दाखल करायचाच, आणि १४ दिवसांपेक्षा उशीर झाला तर लवादाने कारणं लिहायची.

१४ दिवस वाचताना एनसीएलटीची सदस्यसंख्या समोर ठेवायला हवी. अध्यक्ष धरून मंजूर पदं ६३. दोघांचं एक खंडपीठ धरलं, सगळी पदं भरलेली धरली, तरी देशभरात ३१ खंडपीठं. विलीनीकरणं, भागधारकांचे तंटे हेही त्यांच्याच बोर्डावर. आराखडा मंजूर व्हायला लागणारा सरासरी काळ ६०० दिवसांच्या घरात आहे, तोही लवादाने हिशेबातून वगळलेले दिवस सोडून. कायद्यातली कमाल मुदत ३३० दिवस. मुदत कमी केल्याने न्यायाधीश वाढत नाहीत, आणि हे विधेयक करणाऱ्यांनी आधी पदांचा विचार करायला हवा होता असं मला मनापासून वाटतं.

भूषण पॉवर अँड स्टीलचं प्रकरण याचं सगळ्यात मोठं उदाहरण, आणि प्रत्येक वकिलाने ते तारखांसकट वाचावं. ओडिशात झारसुगुड्याला कारखाना, वित्तीय धनकोंचे दावे ४७ हजार कोटींवर. २६ जुलै २०१७ ला प्रकरण दाखल. जेएसडब्ल्यू स्टीलने वित्तीय धनकोंना १९,३५० कोटी देऊ केले, सप्टेंबर २०१९ मध्ये एनसीएलटीने आणि फेब्रुवारी २०२० मध्ये अपिलीय लवादाने आराखडा मान्य केला, मार्च २०२१ मध्ये पैसे पोहोचले. भट्ट्या चालू, क्षमता वाढलेली, कामगार कामावर. आणि २ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आराखडा रद्द करून कंपनी अवसायनात काढायचा आदेश दिला. चार वर्षांपूर्वी वाटून झालेली, मोजपट्टीवर सहा हजार वर्षांहून मोठी रक्कम परत गोळा करायची वेळ आली. ३१ जुलैला तो निकाल मागे घेतला गेला. २६ सप्टेंबर २०२५ ला तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने जेएसडब्ल्यूचा आराखडा कायम केला. दाखल झाल्यापासून तो दिवस २,९८४ वा होता. ३३० दिवसांची मुदत त्यात नऊ वेळा बसते.

त्या अंतिम निकालात रोजच्या प्रॅक्टिसला उपयोगी एक मुद्दा आहे, आणि तो मथळ्यांत फारसा आला नाही. प्रक्रिया चालू असताना कंपनीने कमावलेल्या साडेतीन हजार कोटींवर धनकोंनी हक्क सांगितला होता. बोली मागवताना काढलेल्या दस्तऐवजात किंवा आराखड्यात तशी तरतूद नव्हती, म्हणून तो नाकारला गेला. एक परिच्छेद लिहिला गेला नाही, त्याची किंमत अकराशे वर्षं.

उलट बाजूने डीएचएफएल ही गृहकर्ज कंपनी. आधीच्या चालकांनी केलेल्या संशयास्पद व्यवहारांची रक्कम सुमारे ४५ हजार कोटी. ती वसूल झालीच तर कुणाला मिळावी? कंपनी घेणाऱ्या पिरामलच्या आराखड्यात ती पिरामलच्याच वाट्याला गेली आणि तिचं मूल्य धरलं होतं एक रुपया. १४ हजार वर्षांच्या जागी एक सेकंद. सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०२५ ला आराखडा कायम ठेवला, कारण सीओसीच्या व्यावसायिक शहाणपणात न्यायालय हात घालत नाही. कायद्याच्या चौकटीत निकाल बरोबर आहे. तरी ज्यांच्या ठेवी त्या कंपनीत बुडाल्या, त्यांना तो एक रुपया कसा समजावून सांगायचा, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

वेळेच्या बाबतीत हाच कायदा वकिलाला एका दिवसाचीही सूट देत नाही. एनसीएलटीच्या आदेशाविरुद्ध अपील ३० दिवसांत, सबळ कारण असेल तर आणखी १५. शेहेचाळिसाव्या दिवशी अपिलीय लवादाचे हात बांधलेले, हे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये टाटा स्टीलच्या प्रकरणात पुन्हा बजावलं. आणि दिवस मोजायचे ते निकाल उघड न्यायालयात जाहीर झाल्यापासून. प्रमाणित प्रत हाती कधी आली ते बघायचं नाही. तिच्यासाठी अर्जच केला नसेल तर सबबही उरत नाही.

वाळूजच्या माणसासाठी वकिलाला करता येण्याजोगं सगळ्यात मोठं काम फॉर्म बी, म्हणजे ऑपरेशनल क्रेडिटरच्या दाव्याचा अर्ज. त्याला फी नाही. सोबत इनव्हॉइस, सही-शिक्क्याची डिलिव्हरी चलनं, खातेउतारा, बँक स्टेटमेंट. जाहीर सूचनेतल्या तारखेपर्यंत तो आरपीकडे, म्हणजे प्रक्रिया चालवणाऱ्या रिझोल्यूशन प्रोफेशनलकडे, पोहोचवायचा. ती चुकली तर दाखल झाल्यापासून ९० दिवस किंवा बोली मागवल्याची तारीख, यांतलं जे नंतरचं असेल तिथपर्यंत. त्यापुढे उशिराचं कारण लवादाला पटवावं लागतं. आराखडा एकदा मंजूर झाला की त्यात नसलेलं प्रत्येक येणं संपतं. घनश्याम मिश्रा प्रकरणात एप्रिल २०२१ मध्ये हे ठरलं, आणि सरकारचा करही त्यातून सुटला नाही. जाहीर सूचना इंग्रजी आणि स्थानिक भाषेतल्या वृत्तपत्रांत येते. ती रोज सकाळी बघणारा एखादा ज्युनिअर प्रत्येक जिल्ह्यात असायला हवा.