आदिपूर्वजांचीं दीर्घायुष्यें व त्यांचा अर्थ

नाकाडोंगरी, जि. भंडारा

यहुदी व ख्रिस्ती धर्मग्रंथांतील 'उत्पत्ति' ह्या पहिल्या पुस्तकांत आदामापासून नोहापर्यंत दहा पुरुषांची वंशावळ दिली आहे. आदाम ९३० वर्षें जगला, मथुशलह ९६९, नोहा ९५०. ह्या पुस्तकांतील सृष्ट्युत्पत्तीची कथा मराठी वाचकांस नवी नाहीं. फादर स्टीफन्स ह्यांनीं इ. स. १६१६ मध्यें साष्टींतील राशोल येथें छापविलेल्या ख्रिस्तपुराणांत ती ओवीबद्ध केली. कोंकणांतील बेने इस्राएल लोकांस तर ती परंपरेनेंच प्राप्त आहे. आमच्यापुढें प्रश्न आहे तो आंकड्यांचा. ज्या वंशावळींतील आंकडा अशक्य, ती वंशावळच टाकून द्यावी काय? ह्याचें उत्तर चुकल्यास आपल्याकडील कित्येक वंशावळी व माहात्म्यें एक तर खोटीं ठरतील, किंवा आंकडे मोडूनतोडून तीं खरीं करून दाखवावीं लागतील.

पहिला तोडगा असा कीं, वर्ष म्हणजे महिना समजावा. मग मथुशलहाचें वय ८० वर्षें ९ महिने होतें व सर्व सुरळीत दिसतें. परंतु त्याच अध्यायांत महललेल व हनोख हे ६५ व्या वर्षीं पिते झाले असें सांगितलें आहे. महिने धरल्यास ते ५ वर्षें ५ महिन्यांचे असतां पिते झाले असें होईल! आपल्याकडेहि हाच मार्ग चोखाळलेला आहे. सहस्रसंवत्सर सत्र मनुष्यास अशक्य म्हणून जैमिनीच्या मीमांसासूत्रांच्या सहाव्या अध्यायांत तेथील 'संवत्सर' शब्दाचा अर्थ 'दिवस' असा ठरविला आहे. आणि रामायणाच्या कांहीं टीकाकारांनीं तीच युक्ति राजांच्या वर्षांस लाविली. ३६० दिवसांचें वर्ष धरल्यास रामाच्या राज्याचीं ११,००० वर्षें सुमारें साडेतीस वर्षें होतात, हें ठीक. पण दशरथाचें ६०,००० वर्षांचें वय तरीहि १६६ वर्षांवर जातें, आणि कार्तवीर्यार्जुनाचें ८५,००० वर्षांचें राज्य २३६ वर्षांचें होतें. मीमांसकांचा निर्णय विधिवाक्यापुरता होता. तो वंशावळीस लागू पडत नाहीं.

दुसरा तोडगा असा कीं, नांव व्यक्तीचें नसून कुळाचें अथवा गादीचें आहे. चांगदेवाच्या चौदाशें वर्षांचा उलगडाहि कांहींजण असाच करितात: एकच नांव गुरुपरंपरेंत चालत आलें, असें ते म्हणतात. परंतु 'उत्पत्तीं'त पुत्रजन्माच्या वेळचें वय, त्यानंतरचें आयुष्य व एकूण आयुष्य असे तीन तीन आंकडे देऊन शेवटीं बहुतेक प्रत्येकाचें मरण नोंदिलें आहे. ही भाषा व्यक्तीचीच आहे; कुळाची नव्हे.

तेव्हां संशोधकानें पाठभेद पाहावे हेंच बरें. आदामापासून जलप्रलयापर्यंत हिब्रू पाठांत १६५६, शोमरोनी पाठांत १३०७ व ग्रीक पाठांत २२४२ वर्षें भरतात. हिब्रू पाठांत मथुशलहाचें मरण बरोबर प्रलयाच्या वर्षीं येतें. शोमरोनी पाठांत यारेद, मथुशलह व लामेख हे तिघेहि त्याच वर्षीं मरतात. ग्रीक भाषांतराच्या एका जुन्या पाठांत मात्र मथुशलह प्रलयानंतर १४ वर्षें जगतो, व त्यामुळें प्राचीन भाष्यकार पेंचांत पडले होते. हिब्रू पाठांतील ह्या वंशावळीचे आंकडे ०, २, ५ किंवा ७ ह्यांवरच संपतात. अपवाद एकट्या ९६९ चा. खरीं वयें अशीं ओळीनें बसत नाहींत. हे आंकडे मोजलेले नसून कालगणनेच्या चौकटींत बसविलेले आहेत, हें उघड दिसतें.

त्या चौकटीचा हेतूहि स्पष्ट आहे. आरंभीं नऊशेंच्या घरांतील आयुष्य अब्राहामापाशीं १७५ वर, तर मोशेपाशीं १२० वर येतें. सुमेरी राजावळींत प्रलयापूर्वींच्या आठ राजांस २,४१,२०० वर्षें दिलीं असून प्रलयानंतरचीं राज्यें पुष्कळच लहान आहेत. मनुस्मृतींत कृतयुगीं ४००, त्रेतायुगीं ३००, द्वापारीं २०० व कलियुगीं १०० वर्षें आयुष्य सांगितलें आहे. ह्यांत कोणी कोणाचें घेतलें हा प्रश्न निराळा. परंतु पूर्वज जितका मूळाजवळ तितकें त्याचें आयुष्य मोठें, ही रीत तिन्हींकडे एकच आहे. चांगदेवाच्या कथेंत आंकड्याचें काम वेगळें आहे. चौदाशें वर्षांचा योगी कोवळ्या वयाच्या ज्ञानदेवापुढें नम्र होतो, तेव्हां वयापेक्षां ज्ञान मोठें हें सिद्ध होतें. चौदाशेंचे एकशें चाळीस करून कोणी तो आंकडा 'शक्य' केला, तर कथेचा अर्थच नाहींसा होईल.

जन्माची नोंद नियमानें होऊं लागण्यापूर्वीं आमच्या नाकाडोंगरीसारख्या तुमसर तालुक्यांतील खेड्यांत वय सांगावयाचें तें एखाद्या मोठ्या प्रसंगावरून: इ. स. १८९९-१९०० चा दुष्काळ, किंवा १९१८ ची मानमोडीची सांथ. अशा सांगण्यावरून नेमकीं वर्षें मिळत नसत. कोण आधीं व कोण मागाहून, हा क्रम मात्र पक्का मिळे. जुन्या वंशावळींचेंहि तसेंच आहे. नांवांचा क्रम, आंकडा व आंकड्याचा हेतु ह्या तीन गोष्टी वेगळ्या काढून प्रत्येकीची परीक्षा स्वतंत्र करावी. आंकडा अशक्य ठरला म्हणून क्रम खोटा ठरत नाहीं, आणि क्रम खरा ठरला म्हणून आंकडा खरा होत नाहीं. एवढा विवेक राखल्यास कागद जाळावयाची किंवा गणित वांकवावयाची वेळ आपणांवर येणार नाहीं.