अँटिऑक्सिडंट: ताटातले आणि बाटलीतले

गेल्या डिसेंबरात भारतात जायच्या आधी नेहमीप्रमाणे घरून यादी आली. बदाम, अक्रोड, आईसाठी गुडघ्याचा पट्टा, भाच्यासाठी बूट. शिवाय मामाचा स्वतंत्र फोन. "अगं, तिकडे ती बीटा कॅरोटीनची मोठी बाटली मिळते ना, तशा दोन आण. त्यात अँटिऑक्सिडंट असतं म्हणे. सिगारेट काही सुटत नाही, निदान फुप्फुसं तरी नीट राहतील."

मी पेशींमधल्या ऑक्सिडीकरणावरच संशोधन करते, त्यामुळे मी लगेच हो म्हणेन असं मामाला वाटलं होतं. यादीतलं बाकी सगळं नेलं, त्या बाटल्या मात्र नेल्या नाहीत. का, ते फोनवर नीट सांगता आलं नाही. म्हणून हा लेख मामासाठी, आणि दरवेळी बॅगेत अशा बाटल्या भरून नेणाऱ्या तुम्हा सगळ्यांसाठी.

चकली खवट का होते?

दिवाळीनंतर डब्याच्या तळाशी राहिलेली चकली महिन्याभराने खाऊन पाहा. तिला जो खवट वास येतो, तो तेलाचं ऑक्सिडीकरण झाल्याचा. रेणूंमधले इलेक्ट्रॉन सहसा जोडीने राहतात. ज्या रेणूत एखादा इलेक्ट्रॉन जोडीदाराशिवाय उरतो, त्याला मुक्तमूलक किंवा फ्री रॅडिकल म्हणतात. तो शेजारच्या रेणूकडून इलेक्ट्रॉन ओढून घेतो. मग तो शेजारी स्वतःच मुक्तमूलक बनतो आणि पुढच्याकडे वळतो. अशी साखळी सुरू झाली की तेल भराभर खवटतं.

आपल्या प्रत्येक पेशीचं आवरण स्निग्ध पदार्थांचंच बनलेलं असतं. तिथेही हीच साखळी सुरू होऊ शकते. शिवाय मुक्तमूलकं प्रथिनांना आणि डीएनएलाही इजा करतात.

ही मुक्तमूलकं फक्त बाहेरून येत नाहीत. पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियामध्ये अन्नापासून ऊर्जा मिळवताना इलेक्ट्रॉन एकाकडून दुसऱ्याकडे जात शेवटी ऑक्सिजनपर्यंत पोचतात. त्यातले काही वाटेतच निसटतात आणि ऑक्सिजनला चिकटून सुपरऑक्साइड नावाचं मुक्तमूलक तयार होतं. म्हणजे नुसता श्वास घेतला तरी थोडी मुक्तमूलकं तयार होणारच. सिगारेटचा धूर, प्रदूषण आणि अतिनील किरण त्यांत भर घालतात. सिगारेटच्या एका झुरक्यात अब्जावधी मुक्तमूलकं असतात.

शरीराची स्वतःची व्यवस्था

1969 मध्ये मॅकॉर्ड आणि फ्रिडोविच या अमेरिकन शास्त्रज्ञांनी सुपरऑक्साइड डिसम्युटेज या एन्झाइमचं काम दाखवून दिलं. ते सुपरऑक्साइडचं रूपांतर हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये करतं. मग कॅटलेज हे दुसरं एन्झाइम त्याचं पाणी आणि ऑक्सिजन करतं. जखमेवर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतल्यावर जो फेस येतो, तो या कॅटलेजमुळेच. यांच्या जोडीला सेलेनियमवर चालणारी एन्झाइम्सही असतात. या सगळ्यांना जस्त, तांबं, मँगनीज आणि सेलेनियम लागतं. ते आपल्याला डाळी, तीळ, काजू, अंडी, मासे यांतून मिळतं. आहारातून होणारं संरक्षण इथूनच सुरू होतं, पण जाहिरातीत याचा उल्लेख क्वचितच दिसतो.

यानंतर काम येतं जीवनसत्त्वांचं. ई जीवनसत्त्व पेशीच्या आवरणात बसलेलं असतं. मुक्तमूलक समोर आलं की ते स्वतःचा इलेक्ट्रॉन देऊन टाकतं. असं केल्यावर ते स्वतः मुक्तमूलक होतं खरं, पण इतकं संथ की पुढच्याला फारसा त्रास देत नाही. साखळी तिथेच तुटते. इथल्या दुकानातल्या चिवड्याच्या किंवा तेलाच्या पाकिटावर 'टोकोफेरॉल' हा शब्द दिसला, तर ते हेच ई जीवनसत्त्व. खवटपणा लांबवायला घातलेलं.

वापरलं गेलेलं ई जीवनसत्त्व पुन्हा कामाचं करून देतं सी जीवनसत्त्व. आणि सी जीवनसत्त्व पूर्ववत करायला ग्लुटाथायोनसारखे पेशीतले इतर रेणू मदत करतात. आगीच्या वेळी पाण्याच्या बादल्या हातोहात पुढे जाव्यात आणि रिकाम्या परत याव्यात, तसं हे काम चालतं. रांगेतल्या एकाच माणसाला शंभर बादल्या दिल्या, तर आग लवकर विझत नाही.

मग गोळ्यांनी काय झालं?

फिनलंडमध्ये 29,133 पुरुषांवर एक मोठी चाचणी झाली. सगळे 50 ते 69 वयाचे, सगळे सिगारेट ओढणारे. म्हणजे बहुतेक माझ्या मामासारखेच. त्यांतल्या काहींना रोज 20 मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन दिलं गेलं. गाजर आणि हिरव्या भाज्या जास्त खाणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग कमी आढळतो हे माहीत होतं, त्यामुळे अपेक्षा चांगलीच होती. 1994 मध्ये निकाल आला. बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग 18 टक्क्यांनी जास्त होता.

हा योगायोग असेल असं अनेकांना वाटलं. पण अमेरिकेत अशीच दुसरी चाचणी चालू होती. सिगारेट ओढणारे, पूर्वी ओढणारे आणि अॅस्बेस्टॉसच्या संपर्कात आलेले कामगार मिळून 18,314 लोक त्यात होते. त्यांना बीटा कॅरोटीनसोबत अ जीवनसत्त्व दिलं जात होतं. त्यांच्यात कर्करोग 28 टक्क्यांनी जास्त दिसला आणि 1996 मध्ये ती चाचणी ठरल्यापेक्षा 21 महिने आधीच थांबवावी लागली. पुढे 35,533 पुरुषांवरच्या आणखी एका चाचणीत नुसतं ई जीवनसत्त्व मोठ्या प्रमाणात घेणाऱ्यांमध्ये प्रोस्टेटचा कर्करोग 17 टक्क्यांनी जास्त निघाला.

असं का झालं असावं? एक स्पष्टीकरण असं, की धुराने भरलेल्या, भरपूर ऑक्सिजन असलेल्या फुप्फुसात बीटा कॅरोटीनचंच ऑक्सिडीकरण होतं आणि त्याचे तुकडे पेशींना अपायकारक ठरतात. दुसरं म्हणजे मुक्तमूलकं सरसकट शत्रू नाहीत. पांढऱ्या पेशी जंतूंना मारायला ती मुद्दाम तयार करतात. व्यायामात निर्माण होणारी मुक्तमूलकं स्नायूंना 'तयारी वाढवा' असा निरोप देतात. 2009 मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी व्यायाम करणाऱ्या तरुणांपैकी काहींना रोज सी आणि ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या गोळ्या दिल्या. व्यायामामुळे इन्शुलिनला शरीराचा प्रतिसाद सुधारतो. गोळ्या घेणाऱ्यांमध्ये ती सुधारणा दिसलीच नाही.

आणि गाजरात बीटा कॅरोटीन एकटं कुठे असतं? सोबत तंतू असतात, इतर कॅरोटिनॉइड असतात, पॉलिफेनॉल असतात. ब्रोकोलीतला सल्फोराफेन तर स्वतः मुक्तमूलकांशी लढण्यापेक्षा पेशीला स्वतःची एन्झाइम्स जास्त बनवायला लावतो. भाज्या-फळं खाणारे लोक निरोगी असतात, त्याचं श्रेय एकाच रेणूला देणं ही चूक होती.

तर काय करायचं?

पेरू मिळाला तर जरूर खा. त्यात 100 ग्रॅममागे सुमारे 200 मिलिग्रॅम सी जीवनसत्त्व असतं, संत्र्याच्या जवळजवळ चौपट. गाजराच्या कोशिंबिरीवर तेलाची फोडणी आणि दाण्याचं कूट घालायची आजीची पद्धत चालू ठेवा. कॅरोटीन स्निग्ध पदार्थात विरघळतं, त्यामुळे ते असं जास्त शोषलं जातं. पालेभाजी, टोमॅटो, लिंबू, डाळ, तीळ आलटूनपालटून ताटात असू द्या.

गोळ्यांचंही स्थान आहे. एखाद्या जीवनसत्त्वाची कमतरता असेल तर ती घ्यावीच लागतात. वयानुसार होणाऱ्या डोळ्यांच्या एका विकारात डॉक्टर विशिष्ट मिश्रण देतात. 2013 नंतर त्यातही बीटा कॅरोटीनऐवजी ल्युटीन आणि झियाझँथिन सुचवलं जातं, ते सिगारेट ओढणाऱ्यांचा विचार करूनच. तुमच्या घरी कुणी सिगारेट ओढत असेल किंवा पूर्वी ओढत असेल, तर बाटलीच्या मागचं लेबल वाचा. बीटा कॅरोटीन मोठ्या मात्रेत असेल तर ती बाटली डॉक्टरांना दाखवल्याशिवाय देऊ नका.

मामा, तुझ्या दोन बाटल्या आणल्या नाहीत म्हणून तू रुसलास हे मला माहीत आहे. सिगारेट सोडायला मदत करणारी औषधं आणि निकोटिनचं च्युइंगम आता तिकडेही मिळतं. पुढच्या आठवड्यात तुझ्या डॉक्टरांकडे जाशील तेव्हा मला फोन लाव, मीही बोलते त्यांच्याशी.