प्रेमकथेची दोन रूपांतरे : ‘गाईड’ आणि पांढुर्ण्याची गोटमार

प्रेमकथेचे माध्यम बदलले की बहुधा तिचा शेवटही बदलतो. आर. के. नारायण यांची ‘द गाईड’ ही कादंबरी १९५८ साली प्रसिद्ध झाली आणि विजय आनंद यांचा ‘गाईड’ १९६५ मध्ये पडद्यावर आला. कादंबरीतील राजू पावसासाठी उपास करीत नदीच्या पात्रात उभा राहतो, दूर डोंगरात पाऊस पडत असल्याचे पुटपुटतो आणि कोसळतो. पाऊस खरोखर आला का, राजू वाचला का, हे नारायण सांगत नाहीत. चित्रपटात मात्र पाऊस येतो, राजू देह ठेवतो आणि कादंबरीच्या अखेरीस कुठेच नसलेली रोझी त्याच्या भेटीला पोहोचते. तिचा नवरा मार्को कादंबरीत संशोधनात बुडालेला, कोरडा माणूस आहे. पडद्यावर तो बाहेरख्यालीही दाखवला आहे. रोझीने त्याला सोडणे प्रेक्षकाला खटकू नये, यासाठीच ही तजवीज. आपल्या कथेचे झालेले हे रूप नारायण यांना रुचले नाही आणि त्यांनी तसे लिहूनही ठेवले. वहिदा रेहमान यांच्या रोझीचे तेज कादंबरीत नाही, हेही तितकेच खरे.

नारायण तक्रार करू शकले, कारण मूळ संहिता छापील होती. जिथे मूळ कथा केवळ तोंडी आहे आणि तिचा लेखक कोणालाच ठाऊक नाही, तिथे रूपांतराला जाब कोण विचारणार? मध्य प्रदेशातील पांढुर्ण्यात हा प्रश्न दर पोळ्याला उभा राहतो. छिंदवाड्यापासून वेगळा काढून २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर या भागाचा नवा जिल्हा करण्यात आला. नागपूरला लागून असलेल्या या मुलखात घरोघरी मराठी बोलली जाते. ‘गोटमार’ हा शब्दही उघडच मराठी, गोट्यांचा मार.

कथा थोडक्यात अशी. जाम नदीच्या एका तीरावर पांढुर्णा, दुसऱ्यावर सावरगाव. पांढुर्ण्याच्या तरुणाचे सावरगावच्या मुलीवर प्रेम जडले. तो तिला घेऊन निघाला आणि दोघे नदीच्या मध्यावर असतानाच सावरगावकरांनी दगडफेक सुरू केली. पांढुर्णेकर मुलाच्या मदतीला धावले, तेही दगड घेऊनच. दोघांचाही पात्रात अंत झाला. भोसल्यांचे सैनिक या नदीकाठी गोटे फेकण्याचा सराव करीत, अशीही एक आख्यायिका आहे. ती खरी मानली, तर प्रेमकथा ही मागाहून जोडलेली पटकथा ठरते.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी या कथेचा प्रयोग होतो. नदीच्या मधोमध पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा बांधतात. पांढुर्ण्याचे लोक ते तोडून आणू पाहतात, सावरगावचे अडवतात, आणि दोन्ही तीरांवरून दिवसभर दगडांचा वर्षाव चालतो. या रूपांतरात नायक उरलेलाच नाही. नायिका झाडाच्या रूपाने उरली आहे, कारण सावरगाव त्या पळसाला आपली लेक मानते. कथेतून जसाच्या तसा उतरला तो फक्त दगड.

या निष्ठेची किंमत मोठी आहे. दरवर्षी शेकडो लोक जखमी होतात, कोणाचा डोळा जातो, कोणाचा हात मोडतो. आजवर अनेकांचे प्राणही गेले आहेत. प्रशासन जमावबंदीचे आदेश काढते, गोफणीवर बंदी घालते, काठावर डॉक्टर आणि रुग्णवाहिका उभ्या करते. एकदा दगडांऐवजी रबरी चेंडू पुरवून पाहिले, ते लोकांनी स्वीकारले नाहीत. चेंडू देणाऱ्यांनी गोटमारीला खेळ समजून साधन बदलले. गावकऱ्यांच्या लेखी ते एका मृत्यूचे स्मरण आहे. बदलायचेच असेल, तर कथेतील दुसरा एखादा प्रसंग पुढे आणावा लागेल, आणि त्यासाठी बाहेरून काही आणण्याची गरज नाही. मूळ कथेत नसलेला एक शेवट या प्रयोगाने केव्हाच रचून ठेवला आहे. संध्याकाळी दगड थांबतात आणि झेंडा चंडीमातेच्या मंदिरात वाहिला जातो. पांढुर्ण्याला तो जिंकता आला नाही, तर दोन्ही गावे समझोता करून एकत्र मंदिरात जातात.