ताम्रपट, नाणी आणि पोथ्या

वऱ्हाडचा प्राचीन इतिहास कोणी एका ग्रंथात सलग लिहून ठेवलेला नाही. तो ताम्रपटांवर, नाण्यांवर, लेण्यांच्या भिंतींवर आणि जुन्या पोथ्यांत विखुरलेला आहे. हे तुकडे वेचून जुळवणे हेच इतिहाससंशोधकाचे काम होय.

१९३९ साली वाशीम येथील एक ताम्रपट उजेडात आला. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होते; १९९८ पासून तो स्वतंत्र जिल्हा आहे. वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती ह्याने आपल्या कारकिर्दीच्या ३७ व्या वर्षी वत्सगुल्म येथून हे दानपत्र दिले. वत्सगुल्म म्हणजेच आजचे वाशीम. लेखाच्या आरंभी राजाची वंशावळ संस्कृतात आहे. दान दिलेल्या गावासंबंधीचा मजकूर मात्र प्राकृतात आहे. ह्या लेखामुळे वाकाटकांची एक स्वतंत्र शाखा वत्सगुल्मात नांदत होती, हे स्पष्ट झाले. शतकानुशतके विस्मरणात गेलेले राजघराणे तांब्याच्या पत्र्यांनी पुन्हा प्रकाशात आणले.

त्याच वर्षी मंगरूळपीर तालुक्यातील तऱ्हाळा ह्या गावी सातवाहनांची दीड हजारांहून अधिक नाणी सापडली. त्यांवरील प्राकृत अक्षरांत कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी अशी नावे वाचता आली. पुराणांतील राजावळीत ही नावे नाहीत!

जैन मुनींनी लिहिलेल्या ग्रंथांतही राजांचे उल्लेख येतात. भडोचचा राजा नहवाहन आणि प्रतिष्ठानचा सातवाहन ह्यांच्या वैराची कथा जैन वाङ्मयात आहे. सातवाहनाच्या मंत्र्याने युक्तीने नहवाहनाला धर्मकार्यांत खजिना रिता करावयास लावले आणि मग सातवाहनाने त्याचा पाडाव केला, असे ती सांगते.

परंतु मुनींचा हेतू धर्मोपदेशाचा होता. मग कथेवर विश्वास किती ठेवावा? येथे शिलालेख आणि नाणी साक्षीला येतात. नाशिकच्या लेण्यातील गौतमी बलश्रीचा प्राकृत लेख सांगतो, की तिच्या पुत्राने क्षहरात वंशाचा उच्छेद केला. नहपान हा त्याच वंशातला राजा. त्या पुत्राच्या राज्यातील प्रदेशांत विदर्भाचेही नाव आहे. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे नहपानाची तेरा हजारांहून अधिक नाणी मिळाली. त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा उमटवलेला होता. मंत्र्याची युक्ती खरी की कल्पित, हे नाणी सांगत नाहीत. पण त्या दोन घराण्यांचे वैर आणि सातवाहनांचा विजय खरा, हे मात्र ती ठामपणे सांगतात.

अमरावती जिल्ह्यातील अचलपूरही अशा ग्रंथांत भेटते. नवव्या शतकातील जयसिंहसूरी तेथील अरिकेसरी नावाच्या जैनभक्त राजाचा उल्लेख करतात. बाराव्या शतकातील हेमचंद्राने तर आपल्या प्राकृत व्याकरणात ह्या नगराच्या नावासाठी खास नियम दिला. त्यात ‘च’ आणि ‘ल’ ह्यांची अदलाबदल होऊन ‘अलचपुर’ असे रूप होते. पुढे रूढ झालेल्या ‘एलिचपूर’ ह्या नावाची चाहूल त्यात लागते.

एकटी पोथी अपुरी आणि एकटे नाणेही मुके. दोहोंची साक्ष जुळते, तेव्हाच इतिहास बोलू लागतो. म्हणून शेत नांगरताना एखादे गंजलेले नाणे किंवा तांब्याचा पत्रा हाती आला, तर तो मोडीत घालू नये. जाणकारांच्या स्वाधीन करावा. कोण जाणे, त्यावर एखाद्या विसरलेल्या राजाचे नाव असेल!