आप्पासाहेब घरी परत का जात नाहीत?

ठाण्याला शाळेत मराठी शिकवीत असताना मी मुलांना एक प्रश्न हमखास विचारीत असे : गोष्टीतली गाठ कोणी सोडवली, जिच्यावर प्रसंग आला तिने, की दुसऱ्याच कोणी?

देवलांचे 'संगीत शारदा' (१८९९) घ्या. पैशाच्या लोभाने कांचनभट आपली कोवळी मुलगी म्हाताऱ्या भुजंगनाथाला द्यायला निघतो. लग्न मोडते ते कोदंडामुळे. वधूवर सगोत्र असल्याचे तो ऐन वेळी उघडकीस आणतो. शारदेच्या हाती काही नव्हतेच. (१९२९ चा 'शारदा कायदा' या नाटकावरून नव्हे, हरबिलास सारडांच्या नावावरून ओळखला गेला. मुले परीक्षेत नेमके उलटे लिहीत.)

'नटसम्राट'चे तसे नाही. शिरवाडकरांचे हे नाटक डिसेंबर १९७० मध्ये रंगभूमीवर आले. डॉ. श्रीराम लागूंचे आप्पासाहेब आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असतील. निवृत्त झालेला नट सारी मिळकत मुलगा नि मुलगी यांना वाटून मोकळा होतो. मुलाकडे पटत नाही, मुलीकडे चोरीचा आळ येतो, आणि म्हातारा-म्हातारी घराबाहेर पडतात. पुढे कावेरीही जाते. शेवटी मुलगी शोधत येते, घरी चला म्हणून विनवते. भांडण पैशाचे असते तर नाटक तिथेच गोड झाले असते. पण आप्पा जात नाहीत. त्यांचा झगडा मानाशी आहे, आणि तो मान त्यांना आता त्या घरात सापडणार नाही.

शेक्सपिअरच्या लिअर राजाची सावली या नाटकावर आहे हे खरे. पण लिअरला धाकटी कॉर्डेलिया होती. आप्पांना माया लावतो तो रस्त्यावर बूटपॉलिश करणारा राजा.

पपांबरोबर हे नाटक पाहिले तेव्हा मी कॉलेजात होते. मुलांना शिव्या देत घरी आले. आता सत्तरी उलटल्यावर वाटते, आप्पांचेही चुकले. सगळे देऊन टाकले, पण सिंहासनावरून मात्र उतरले नाहीत.

गेल्या वर्षी माझा मुलगा म्हणाला, "मम्मी, अपार्टमेंट वीक आणि आमच्याकडेच राहा." प्रेमाने म्हणाला. मी आठवडाभर विचार केला. अपार्टमेंट विकले नाही. शुक्रवारी सूर्यास्ताआधी तो मला न्यायला येतो, शब्बाथ त्यांच्याकडे करते, नातवंडांना गोष्टी सांगते. रविवारी माझ्या किल्लीने माझे दार उघडते.