हातातला रेडिओ की टेबलावरचा? दूरची स्टेशनं ऐकण्याविषयीचे सहा गैरसमज

शेकडो-हजारो किलोमीटरवरची रेडिओ केंद्रं मुद्दाम शोधून ऐकण्याच्या छंदाला ‘डीएक्सिंग’ म्हणतात. या छंदाकडे वळणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: कोणता सेट घेऊ? उत्तरंही ठरलेली. एक जण सांगतो, टेबलावर मोठा रिसीव्हर आणि गच्चीवर लांबलचक तार नसेल तर या भानगडीत पडूच नका. दुसरा सांगतो, नव्या चिपवाल्या छोट्या सेटांनी मोठ्यांना मोडीत काढलंय. दोघांचंही अर्धंच खरं आहे. सिग्नल किती जोरात येतो यापेक्षा तो खरखरीच्या किती वर डोकं काढतो, यावर दूरचं स्टेशन लागणं-न लागणं ठरतं.

गैरसमज १: सेट जेवढा मोठा, तेवढं लांबचं स्टेशन लागतं.

वस्तुस्थिती: हा समज व्हॉल्व्हच्या जमान्यातला आहे. १९५२ साली रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली, तेव्हाच्या लाकडी सेटांना बाहेरची एरियल लागायचीच. अनेक घरांत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तांब्याच्या जाळीची पट्टी ताणलेली असे. आजचा बरा पोर्टेबल सेट मुळातच पुरेसा संवेदनशील असतो. शिवाय मध्यम लहरींवर आणि खालच्या लघुलहरींवर खरी अडचण सेटच्या बाहेर असते. जगात कुठे ना कुठे विजा चमकतच असतात आणि त्यांची खरखर याच लहरींवरून दूरवर येते. तिच्याखाली गाडलं गेलेलं केंद्र केवळ महागडा सेट आणला म्हणून वर येत नाही. वळवाच्या दिवसांत मध्यम लहरी हैराण करतात आणि थंडीत त्याच सेटवर नवी स्टेशनं लागतात, ती यामुळेच.

छोट्या सेटची एक मर्यादा मात्र खरी आहे. गावाबाहेरच्या शांत जागी, विशेषतः दिवसा, त्याची आतली एरियल तोकडी पडते. तिथे चौकटीवर तार गुंडाळून केलेलं लूप सेटच्या शेजारी नुसतं ठेवलं, तरी अंधुक आवाज उमगू लागतो. वायर जोडावी लागत नाही; फक्त लूपचा कंडेन्सर फिरवून ते त्या स्टेशनाशी जुळवायचं.

गैरसमज २: स्टेशन नीट येत नसेल तर एरियलची दांडी पूर्ण बाहेर काढावी.

वस्तुस्थिती: लघुलहरी आणि एफएमसाठी हे ठीक आहे. मध्यम लहरींचा त्या दांडीशी बहुतेक पोर्टेबल सेटांत काही संबंध नसतो. त्यांची एरियल सेटच्या आत आडवी बसवलेली असते: फेराइटची काळी कांडी आणि तिच्यावर गुंडाळलेली बारीक तांब्याची तार. कांडीच्या लांबीला काटकोनातून येणारा सिग्नल ती सर्वांत चांगला घेते; टोकाच्या दिशेने येणारा जवळजवळ घेतच नाही.

छोट्या सेटचं सर्वांत धारदार हत्यार हेच. समजा, तुम्ही पुण्यात कोथरूडला आहात आणि आकाशवाणी पुण्याच्या ७९२ किलोहर्ट्झच्या शेजारी, ८०१ वर, दूरचं काही ऐकायचं आहे. पुणे केंद्राचा जोर एवढा, की ते ८०१ वरही सांडतं. अशा वेळी सेट हातात धरून सावकाश फिरवा. त्याची अरुंद बाजू पूर्वेला, हडपसरच्या प्रक्षेपकाकडे झाली की पुणे एकदम दबतं. ही जागा फार चिंचोळी असते. मनगट थोडं हललं तरी हातची जाते. म्हणून सेट आधी गोल फिरवायचा आणि मग किंचित तिरका करून बघायचा. गच्चीवरची पक्की बांधलेली तार अशी वळवता येत नाही.

गैरसमज ३: तार जितकी लांब, तितकं उत्तम.

वस्तुस्थिती: छोट्या सेटला वीस-तीस मीटर तार जोडली की पुष्कळदा कल्लोळ होतो. जवळची दणदणीत केंद्रं सेटच्या पहिल्याच टप्प्यावर लोटतात, एकमेकांत मिसळतात आणि जिथे मुळात काही नाही तिथेही ऐकू येऊ लागतात. साध्या सेटांत याचा एक ठरलेला नमुना आहे. त्यांच्या आतली मधली फ्रीक्वेन्सी, म्हणजे आलेला सिग्नल सेट आधी जिच्यावर आणतो ती, ४५५ किलोहर्ट्झ असते, त्यामुळे जोरदार केंद्राचं भूत तिच्या दुप्पट, म्हणजे ९१० किलोहर्ट्झ खाली उमटतं. ११,६२० वरचं केंद्र १०,७१० वरही लागलं, तर नवं स्टेशन मिळाल्याचा आनंद करू नये.

लांब तारेचाही खरा फायदा जोर वाढवण्यात नसतो. हॅरल्ड बेव्हरेज या अमेरिकी अभियंत्याच्या नावाने ओळखली जाणारी एरियल म्हणजे माणसाच्या डोक्याच्या थोडी वरून, जमिनीला समांतर नेलेली लांब तार. १००० किलोहर्ट्झसाठी एका तरंगलांबीची तार घ्यायची तर ती ३०० मीटर होते. एवढी लांब असूनही तिच्यातून मिळणारा सिग्नल बेताचाच असतो. पण ती एकाच दिशेचं ऐकते आणि बाकीच्या दिशांची खरखर टाळते. डिसेंबर १९२१ मध्ये पॉल गॉडली यांनी स्कॉटलंडमधल्या आर्ड्रॉसन इथे तंबू ठोकून अमेरिकेतल्या हौशी प्रक्षेपकांचे संदेश टिपले, ते याच प्रकारच्या तारेवर.

गैरसमज ४: खिशातल्या सेटवर समुद्रापलीकडचं काही येत नाही.

वस्तुस्थिती: सुमारे २००८ पासून उत्तर अमेरिकेत ‘अल्ट्रालाइट’ डीएक्सिंगची लाट आली. तिची सुरुवात सोनीच्या एसआरएफ-५९ या छोट्याशा सेटने झाली. त्याला एक पेन्सिल सेल लागतो आणि स्टेशन दाखवायला आकडे नाहीत, नुसता काटा आहे. असे सेट घेऊन पश्चिम किनाऱ्यावरच्या हौशींनी पहाटे पॅसिफिकपलीकडची मध्यम लहरींची केंद्रं ऐकली. जपान तिथून साडेसात हजार किलोमीटरच्या आसपास.

हा चमत्कार एकट्या सेटचा नव्हता. अमेरिकेत मध्यम लहरींची केंद्रं १० किलोहर्ट्झच्या अंतराने असतात, आशियात ९ च्या. त्यामुळे टोकियोचं ५९४ हे अमेरिकेतल्या ५९० आणि ६०० यांच्या फटीत बसतं. दुसरं कारण समुद्र. खारं पाणी जमिनीपेक्षा कितीतरी पट चांगलं विद्युतवाहक असल्याने किनाऱ्यावर दूरचा सिग्नल कमी झिजून पोचतो. रत्नागिरी-मालवणच्या किनाऱ्यावर दिवेलागणीनंतर मध्यम लहरींवर आखाती देशांतली अरबी केंद्रं शोधायची, ती याच भरवशावर. छोटा सेट तिथे पिशवीत घालून नेता येतो.

गैरसमज ५: दिवसा स्टेशन येत नाही, म्हणजे सेट कमकुवत आहे.

वस्तुस्थिती: जमिनीपासून साधारण ६० ते ९० किलोमीटरवरचा वातावरणाचा थर दिवसा उन्हामुळे विद्युतभारित होतो आणि मध्यम लहरी गिळून टाकतो. सूर्य मावळला की तो विरतो, मग लहरी त्याहून वरच्या थरांवरून परतून शेकडो किलोमीटरवर उतरतात. वातावरणातल्या अशा परावर्तक थराचं अस्तित्व एडवर्ड ॲपलटन यांनी १९२४ मध्ये प्रयोगाने दाखवलं. १९४७ चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना या क्षेत्रातल्या कामासाठी मिळालं. रात्रीची हीच वाट धरून १९८८ पासून आकाशवाणीचं नॅशनल चॅनेल नागपूरच्या १००० किलोवॅटच्या प्रक्षेपकावरून देशभर पोचत असे. भर दुपारी जगातला कोणताही सेट हा थर ओलांडून देणार नाही.

गैरसमज ६: मग मोठा सेट म्हणजे निव्वळ हौस.

वस्तुस्थिती: असंही नाही. जोरदार स्टेशनाला खेटून बसलेलं क्षीण स्टेशन वेगळं काढणं, मोठी एरियल जोडल्यावरही कोलमडून न पडणं, वर-खाली होणारा आवाज सावरणं, ही कामं मोठा सेट सरस करतो. संगणकाला जोडायचे एसडीआर सेट तर मध्यम लहरींचा ५३१ ते १६०२ हा अख्खा पट्टा एकाच वेळी रेकॉर्ड करतात. बरीचशी केंद्रं तासाच्या ठोक्याला आपलं नाव सांगतात. हातातल्या सेटवर त्या मिनिटाला एकच स्टेशन ऐकता येतं. एसडीआरवर ते मिनिट पुन्हा पुन्हा वाजवून १२० च्या १२० चॅनेल तपासता येतात.

पैसे कुठे घालावेत?

आधी आपली अडचण ओळखावी. रात्री सेट सेलवर लावून एखादं क्षीण स्टेशन धरा आणि घराचा मेन स्विच, आणि असेल तर इन्व्हर्टरही, मिनिटभर बंद करा. खरखर निवळली, तर दोष एलईडी दिव्यांचा, चार्जरचा किंवा इन्व्हर्टरचा. नव्या सेटने तो जाणार नाही. निवळली नाही, तर तोच सेट गच्चीवर, मग गावाबाहेरच्या मैदानावर नेऊन ऐका. शांत जागी सगळंच अंधुक येत असेल तर लूप करा. आणि सेट फिरवूनही शेजारचं दांडगं स्टेशन हटत नसेल, तरच मोठ्या सेटसाठी पाकिटाला हात घाला.